तेवढं विंडोज मारून दे की

आमच्या कळंब्यात घरोघरी संगणक यायला लागले ते विंडोज ९८च्या जमान्यात, आणि आल्या आल्या त्या यंत्रानं गल्लीतल्या सर्वांत सज्जन माणसावर ठपका ठेवला. निवृत्त मास्तर सोसायटीचं पत्र टाइप करत होते. मध्येच पडद्यावर पाटी आली, की या प्रोग्रॅमनं 'इल्लीगल ऑपरेशन' केलेलं असल्यामुळं तो बंद करण्यात येत आहे. मास्तरांनी उभी हयात नागरिकशास्त्र शिकवलेलं. त्यात गाव कळंबा. इथं मध्यवर्ती कारागृह आहे. परगावी कुणाला 'आम्ही कळंब्यात असतो' म्हणून सांगितलं, की समोरचा आधी 'किती वर्षांची?' असं विचारतो. अशा गावात असली पाटी उघड्या खिडकीतून दिसणं बरं नव्हे. मास्तरांनी आधी खिडकी लावली, मग संगणक बंद केला आणि त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला. काही दिवसांनी गल्लीतलं एक पोरगं आलं आणि म्हणालं, "मास्तर, कशाला घाबरतायसा? समद्यांस्नी येतंय ते. ओके म्हणायचं आन् फुडं जायचं."

त्यानंतर विंडोजच्या कितीतरी पिढ्या आल्या-गेल्या, पण संगणक वापरण्याविषयी याहून उपयोगी सल्ला आमच्याकडं कुणी दिलेला नाही.

सामान्य माणसासाठी चांगली ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, यावर जाणकार मंडळी भांडतात तेव्हा कर्नल, फाइल सिस्टीम, सुरक्षा असले शब्द येतात. तुम्ही साई मंदिरापासून तलावाच्या सांडव्यापर्यंत चालत जा आणि वाटेत भेटेल त्याला हाच प्रश्न विचारा. कर्नल म्हटल्यावर लोक निवृत्त फौजी कुठं राहतात ते सांगतील. आमच्याकडं घरटी नाही तरी गल्लीटी एक असतोच. बाकी अपेक्षा माफक. लवकर चालू व्हावं, प्रिंट निघावी, आणि काल ठेवलेलं आज तिथंच असावं. आणखी एक अट असते, ती कुणी बोलून दाखवत नाही. पण संगणक घेताना आणि टाकताना तिच्यावरच सगळं ठरतं. तिच्याकडं येतोच.

'काल ठेवलेलं आज तिथंच' ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. मास्तरांचा डेस्कटॉप बघितला तर कळेल. पडद्यावर नातवाचा फोटो आहे, आणि त्याच्यावर सोसायटीचा पंधरा वर्षांचा कारभार पसरलेला आहे. 'पाणीपट्टी', 'पाणीपट्टी नवीन', 'पाणीपट्टी फायनल', 'पाणीपट्टी फायनल खरे' अशा फायली एकाखाली एक. त्यांतली एकही नातवाच्या तोंडावर येऊ दिलेली नाही. डाव्या कानाजवळ लाईटबिलं, उजव्या खांद्यावर लिफ्टचा करार, पोटावर वार्षिक सभेची इतिवृत्तं. फोल्डर करा म्हटलं तर मास्तर म्हणतात, "फोल्डरात घातलं की दिसत न्हाई, आणि दिसत न्हाई ते विसरतंय." एकदा सुनेनं चांगल्या भावनेनं 'ऑटो अरेंज' दाबलं. सगळा कारभार डावीकडं रांगेत उभा राहिला आणि नातू एकाएकी मोकळा झाला. त्या दिवशी त्या घरात जेवणं उशिरा झाली.

ज्यांनी ही सिस्टीम बनवली त्यांना वाटतं, माणूस फाइल नावानं शोधतो. तो जागेनं शोधतो. हाताला माहीत असतं, उजव्या खांद्यावर लिफ्ट. म्हणूनच आपल्याकडं डेस्कटॉपवर 'रिफ्रेश' करण्याचा रिवाज आहे. त्यानं संगणक तसूभरही वेगवान होत नाही. चित्रं फक्त पुन्हा रेखाटली जातात. तरी संगणक चालू केल्यावर चार-पाच वेळा एफ-५ दाबल्याशिवाय कामाला हात न घालणारी माणसं मी बँकांत, शाळांत आणि सेवा केंद्रांत पाहिली आहेत. जे होतं ते सगळं जागेवर आहे, एवढी खात्री करून घ्यायची असते, बाकी काही नाही.

आणि नेमकं इथंच कंपन्यांचे हात शिवशिवतात.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आलं आणि पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चं बटण बसलं. सतरा वर्षं जगानं त्या कोपऱ्यात माऊस नेला. ऑक्टोबर २०१२मध्ये विंडोज ८ आलं आणि बटण गायब. कारण काय, तर आता लोक पडद्याला बोटं लावणार. कळंब्यात पडद्याला बोट लावलं की अजूनही "डाग पडतील, पुसून ठेव ते" अशी हाक येते. उद्या महापालिकेनं सुशोभीकरणाच्या नावाखाली बिंदू चौक उचलून ताराराणी चौकाकडं नेऊन ठेवला, आणि वर 'नवा अनुभव घ्या' असा फलक लावला, तर कोल्हापूर काय करील ते सांगायला नको. माऊस हातात धरलेली माणसं मात्र मवाळ. त्यांनी त्या रिकाम्या कोपऱ्यात नुसतं क्लिक करत वर्ष काढलं. वर्षभरानं, ८.१ मध्ये, बटण परत आलं. २०२१ साली विंडोज ११नं ते पुन्हा उचललं आणि खालच्या पट्टीच्या मध्याकडं आणून ठेवलं. सेटिंगात जाऊन ते डावीकडं नेता येतं, पण ते सेटिंग उघडायला आधी बटण सापडायला हवं.

विंडोज ८नं दुसरा घाव घातला त्याची चर्चा फारशी झाली नाही, कारण तो ज्यांना बसला त्यांना तो चारचौघांत सांगता येत नव्हता. पत्ते काढले. सॉलिटेअर १९९० पासून, म्हणजे विंडोज ३.० पासून, संगणकासोबत फुकट येत असे. माऊसनं वस्तू धरून ओढायची आणि सोडायची ही कला अर्ध्या महाराष्ट्राच्या कार्यालयीन जीवनाला त्या पत्त्यांनी शिकवली. इस्पिकची राणी बदामच्या राजाखाली नेता आली की फाइल फोल्डरात नेणं सोपं. विंडोज ८मध्ये ते पत्ते वेगळे उतरवून घ्यावे लागू लागले. विंडोज १०नं ते परत दिले, पण आता डावाच्या मध्ये जाहिरात. जाहिरात नको असेल तर महिन्याला पैसे भरा. आयुष्यभर पिंपळाच्या पारावर फुकट पत्ते कुटलेल्या माणसाला ही सिस्टीम चांगली आहे असं तुम्ही पटवून दाखवाच.

मग विंडोज एक्सपीवर लोकांनी एवढा जीव का लावला? २००१ साली ते आलं आणि ८ एप्रिल २०१४ला कंपनीनं त्याचा आधार काढून घेतला. लोकांनी काही ते काढलं नाही. एटीएममध्ये तर ते इतकं घट्ट बसलं होतं की २०१८ साली रिझर्व्ह बँकेला बँकांना मुदती घालून द्याव्या लागल्या. त्या एक्सपीच्या पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ असायचं. तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकारानं कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात काढलेला. पण आमच्याकडं ती टेकडी मसाई पठाराची आहे, यावर पैजा लागलेल्या मी ऐकल्या आहेत. गगनबावड्याच्या पक्षाचेही लोक होते.

एक्सपी टिकलं ते त्याच्या टेकडीमुळं नव्हे आणि गुणांमुळंही नव्हे. व्हायरस त्यात मुक्कामाला असायचे. ते टिकलं, कारण ते गल्लीतल्या प्रत्येक पोराला येत होतं. आयटीआयच्या पोराला येत होतं, झेरॉक्सवाल्याला येत होतं, केबलवाल्याच्या भावाला येत होतं. बिघडलं की हाक मारायची: "बाळा, तेवढं विंडोज मारून दे की." बाळ पायात चप्पल नसतानाही यायचं. खिशात सीडी, सीडीवर स्केचपेननं लिहिलेली भलीमोठी प्रॉडक्ट की. ती सीडी कुठून आली हे कुणी विचारायचं नाही. खरं इल्लीगल ऑपरेशन त्या खोलीत तेव्हा चाललेलं असे, पण पाटी येत नसे.

"फॉरमॅट मारायला लागतंय बघा."

"मार की. वेळ किती लागंल?"

"चहा हुईस्तोवर."

"फोटो ऱ्हातील न्हवं?"

"कुठं ठेवलासा?"

"डेस्कटॉपवर."

मग ती शांतता. सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह यांच्यातला फरक कळंब्यातल्या बहुतेक कुटुंबांना लग्नाचे फोटो गेल्यावर समजला आहे. तरीही पुढच्या खेपेला हाक त्याच बाळाला जायची. त्यानं फोटो घालवले खरे, पण तो आला होता.

चौथी अट ती हीच. सिस्टीम चांगली की वाईट हे संगणकाच्या डब्यात ठरत नाही. ती जाणणारं माणूस हाकेच्या अंतरावर आहे का, यावर ठरतं. माझं हे मत इंजिनियर मंडळींना पटत नाही. पण त्यांनी आमच्या गल्लीतल्या लिनक्सची कथा ऐकावी.

उबंटू नावाचं लिनक्स २००४ साली निघालं आणि पुढं काही वर्षं पत्ता कळवला की त्याची सीडी टपालानं फुकट घरपोच यायची. परदेशी पाकीट, आत चकचकीत सीडी, आणि टपाल खर्चही त्यांचाच. फुकट मिळालेल्या वस्तूकडं संशयानं बघणं हा कोल्हापुरी स्वभाव नाही, तरी पोस्टमननं "काय बिझनेस चालू केलायसा?" असं विचारलंच. इंजिनियरिंगला असलेल्या एका पोरानं ती सीडी मागवली आणि मास्तरांच्या संगणकात उबंटू बसवलं. काय सांगू, संगणक हलका झाला. व्हायरस गेले. सीडीवर स्केचपेननं की लिहायची गरज उरली नाही. नागरिकशास्त्राच्या मास्तरांना तर पहिल्यांदाच रात्री शांत झोप लागली. प्रिंटर आधी चालेना, पण त्या पोरानं काळ्या खिडकीत काहीतरी चार ओळी लिहिल्या आणि तोही चालला. मास्तर येईल-जाईल त्याला सांगू लागले, हे फुकट आहे, स्वच्छ आहे, सगळ्यांनी घ्यावं.

मग त्या पोराला हिंजवडीत नोकरी लागली.

कोल्हापूरची हुशार पोरं पुण्याला जातात, त्यात नवल नाही. पण जाताना ती आपल्यासोबत एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन जातात, हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुढं कधीतरी प्रिंटर पुन्हा रुसला. झेरॉक्सवाला आला, बघितलं, म्हणाला, "हे कायतरी वेगळंच हाय." आयटीआयचं पोरगं आलं, त्यानं एफ-५ दाबून पाहिलं. पुण्याला फोन लावला तर पोरगं मीटिंगमध्ये. संध्याकाळी त्यानं फोनवरून सांगितलं, "मास्तर, टर्मिनल उघडा आणि लिहा, सुडो..." मास्तरांनी देवनागरीत 'सुडो' लिहिलं. महिनाभरानं विंडोज मारलं गेलं. लिनक्स वाईट होतं म्हणून नव्हे, पोरकं होतं म्हणून.

केरळात सरकारी शाळांतली मुलं लिनक्सवरच संगणक शिकतात. तिथल्या गल्लीत हाक मारली तर ओ देणारी दहा पोरं निघतील. आपल्याकडं एमएस-सीआयटी सुरू झालं, आणि नोकरीसाठी, बढतीसाठी, लग्नाच्या बायोडाटासाठीसुद्धा सगळ्या महाराष्ट्रानं ते केलं. ते विंडोजवर. आपल्या सी-डॅकनं २००७ साली 'बॉस' नावाचं देशी लिनक्सही काढलं, त्यात मराठीची सोय होती. नाव भारदस्त, काम नेटकं. पण बॉसला ओळखणारं कुणी गल्लीत नसेल तर बॉसनं तरी काय करावं?

मराठीचा विषय निघालाच आहे तर तोही उरकतो. पूर्वी फॉन्ट ज्याचा त्याचा असे. श्रीलिपीत टाइप केलेलं पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडलं की कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं यांची मिसळ दिसायची. एक्सपीत युनिकोडची देवनागरी होती, पण ती चालू करायला कंट्रोल पॅनेलात जाऊन मूळ सीडी घालावी लागायची, आणि आमच्या सीड्यांचं मूळ तर वर सांगितलंच आहे. आता सगळं आत तयार येतं. इनस्क्रिप्ट कळफलक तर कधीचा येतोय. एन दाबला की ल, शिफ्टबरोबर दाबला की ळ. माझी कुठल्याही नव्या सिस्टीमची परीक्षा एवढीच असते. बसल्या जागी, कुणाला न विचारता, 'कळंबा' लिहिता येतं का? 'कलंबा' आलं, की तो संगणक गुळाच्या बाजारपेठेत चालायचा नाही.

सामान्य माणसाला संगणकाकडून नेमकं काय हवं, याचा फार मोठा प्रयोग आमच्याच भागात झालेला आहे. १९९८ साली पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कार्यदलाच्या पुढाकारानं वारणा खोऱ्यातल्या कोल्हापूर-सांगलीच्या ७० गावांत संगणक केंद्रं उघडली. स्वप्न मोठं होतं: बाजारभाव, पिकांचा सल्ला, जमिनीचे उतारे, शिक्षण, सगळं मराठीतून. प्रत्यक्षात शेतकऱ्याला तिथून हवं होतं ते उसाचं वजन, तोडीची पाळी आणि खताची बाकी. माऊसला हात लावायचं त्याला कारणच नव्हतं. तो केंद्रातल्या ऑपरेटरला विचारायचा आणि ऑपरेटर संगणकाला. विंडोजची आवृत्ती कोणती, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम खुर्चीत बसलेली असायची आणि ती चहाला गेली की हँग व्हायची.

पुढं मायक्रोसॉफ्टच्याच बंगळुरूच्या संशोधन संस्थेतले लोक वारणेला आले. त्यांनी सात गावांत संगणकाचं काम मोबाइलवर आणून बघितलं. शेतकऱ्यानं एसएमएस करायचा, उत्तर एसएमएसनं यायचं. चाललं की हो! स्वस्तही पडलं. म्हणजे जगाला विंडोज विकणाऱ्या कंपनीची माणसं आमच्या उसाच्या फडात उभी राहून सांगून गेली, की इथं विंडोजची गरज नाही. त्यांना वारणेचं श्रीखंड नक्की दिलं असणार. आणि मोबाइल चालला तो का? कारण मेसेज करता येणारं पोरगं तोवर प्रत्येक घरात तयार झालं होतं. ऑपरेटर चहाला गेला तर जाऊ दे.

आता नवा पेच. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला. दिवाळीच्या तोंडावर, फराळाच्या घाईत. ११ टाकायचं तर टीपीएम २.० नावाची चीप लागते, आणि प्रोसेसरही नवा लागतो. एसएसडी टाकून, रॅम वाढवून पळायला लागलेले धट्टेकट्टे संगणक एका तारखेला म्हातारे ठरले. या तारखेचं कळंब्यात काही वाटलं नाही. मास्तर म्हणाले, "मला ५८व्या वर्षी असंच केलं होतं. नंतर मी जास्त काम केलंय."

बचत गटाच्या वहिनींना मात्र हिशेबासाठी नवा संगणक घ्यायचाच होता. त्यांच्यासोबत मी राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं जीबी सांगितले, गिगाहर्ट्झ सांगितले, पडदा किती नॅनो का काय ते सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, यात एआय हाय. तुम्ही नुसतं बोलायचं."

"कुणाशी?"

"संगणकाशी."

"घरात बोलायला हायत की माणसं. बिघडला तर?"

"टोल फ्री नंबर हाय."

"आणि?"

"रिमोटनं बघतो आम्ही. इथं बसून. तुमचा माऊस आपोआप हलतोय."

वहिनींनी पर्स बंद केली. "दुकानातलं पोरगं कळंब्याला येतंय का?"

दुकानदारानं आत बघून हाक मारली. एक पोरगं हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आलं. "राहायला कुठं रं तू?"

"तपोवनच्या मागं."

"रविवारी असतोस?" वहिनींनी विचारलं.

"दुपारनंतर असतोय."

वहिनींनी त्याचा नंबर लिहून घेतला, त्याला मिस्ड कॉल देऊन खात्री केली, आणि मग दुकानदाराला विचारलं, "हां. आता किंमत बोला."